बटण परतलं, मोडी नाही

संगणक कितीही बदलो, हात जुन्या जागीच जातो. १९९५ पासून विंडोजच्या डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चं बटण असे. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ८’ आणली, बोटाने चालवायच्या पडद्यासाठी रंगीत चौकटी मांडल्या आणि ते बटण काढलं. जुनी गिऱ्हाइकं रुसली. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परतलं. त्यामागची यादी २०१५ च्या ‘विंडोज १०’ मध्ये आली.

आपल्या दप्तराची लिपी होती मोडी. हात न उचलता झरझर लिहावी अशी. छापखान्याला सुटी बाळबोध अक्षरं सोयीची पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी व्यवहारातून गेली. तिथे रुसायला गिऱ्हाईक नव्हतं. आज शिरूर-दौंडकडे पेटीत पणजोबांचं मोडी खरेदीखत निघालं, तर भाषा आपलीच, जमीन आपलीच. वाचायला मात्र जाणकार शोधावा लागतो.

श्रोतेहो, निष्ठावंत माणूस नव्याला भीत नाही. जुनी वाट न विचारता बुजवली, की तो दुखावतो. नवं जरूर आणावं. पण जुनं जाणणारा पुढच्याला शिकवून होईपर्यंत ती वाट खुली ठेवावी.