साहेबाची भेंडी

आमच्या अण्णांचा आयुष्यात एकदाच अपमान झाला, आणि तोही भेंडीवरून. रेल्वेच्या गुड्स ऑफिसात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा एकदाच अपमान झाला, हे कुणाला पटणार नाही. पण बाकीचे त्यांनी अपमान म्हणून धरलेच नाहीत.

मुलुंडला आमच्या तळमजल्याच्या जागेमागे, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत सहा फूट रुंद जमिनीचा एक पट्टा आहे. तिथे अण्णा दरवर्षी घटस्थापनेच्या सुमारास हॉलीहॉकचं बी पेरतात. फेब्रुवारीत ती रोपं माझ्या डोक्याच्या वर जातात, आणि मग खालून वर, मजल्यामजल्यानं, गुलाबी, पांढरी, काळपट लाल फुलं उघडत जातात. तर अशाच एका जानेवारीत, फुलं यायच्या आधी, पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून वाकून म्हणाल्या, "अण्णा, भेंडी काय सुरेख वाढलीय हो! धरली की वाटीभर पाठवा हं."

अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. योगायोगानं आईनं भेंडीच केली होती.

मी बँकेत कारकून. शिक्षण बी. कॉम. झाडांपैकी माझा परिचय फक्त मुदत ठेवीच्या जाहिरातीतल्या झाडाशी, ज्याला पानांऐवजी नाणी लागतात. तरीपण वडिलांची बाजू लावून धरावी म्हणून मी लायब्ररीतून पुस्तकं आणली, आणि पंचाईत झाली. काकूंचं बरोबर निघालं! भेंडी, अंबाडी, जास्वंद, कापूस आणि हॉलीहॉक ही सगळी एकाच कुळातली मंडळी. पुरावा हवा असेल तर फुलाच्या मधोमध पाहावं. पुंकेसर सुटे नसतात, एकत्र जुळून त्यांची नळी झालेली असते. जास्वंदीत ती ऐटीत बाहेर डोकावते, हॉलीहॉकमध्ये आखूड असते, इतकंच.

यातल्या कापसानं तर आमच्या धंद्यालाही हिसका दाखवलेला आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. माणसं समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर घेत सुटली. 1865 साली युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, आणि 1840 पासून थाटात चाललेली बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून पुन्हा उठलीच नाही. 1868 साली तिचा गाशा गुंडाळावा लागला. तेव्हापासून... म्हणजे हे वाचल्यापासून, मी भेंडीकडेही जरा आदरानं पाहतो.

हे सगळं अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "कूळ एक असेल. पण राहणी?"

त्यांच्या लेखी हॉलीहॉक म्हणजे साहेब. उमेदवारीच्या काळात घाटातल्या एका स्टेशनावर, मास्तरांच्या क्वार्टरपुढे त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं. साहेब जाऊन वीस वर्षं झाली होती, पण झाडं मात्र गार्डच्या सलामीत उभी असल्यासारखी ताठ!

साहेबाला इथे आल्यावर घरची फुलं आठवत, आणि ती लावायला बागा लागत. पश्चिम हिंदुस्थानची ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी 1830 सालची. तिची मुंबईतली बाग होती शिवडीला. 1862 साली भायखळ्याला राणीची बाग उघडली, आणि 1865 साली म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शिवडीच्या जागेवर गोऱ्यांची दफनभूमी केली. मुंबईत बागेचा पुनर्विकास ही काही आजची गोष्ट नव्हे. फरक इतकाच, की त्या योजनेतल्या रहिवाशांनी जादा कार्पेट एरिया मागितला नाही. पुढे 1884 साली पुण्यात पेस्तनजी पोचा यांनी बियाण्यांची पेढी काढली, आणि विलायती फुलं साहेबाच्या बंगल्यातून पोस्टानं आमच्यासारख्यांच्या दारात येऊ लागली. अण्णांची पहिली पुडीही अशीच कॅटलॉगात चित्र पाहून मागवलेली. चित्रातल्या फुलाला डाग नव्हता. ते असो.

आता खरी गंमत. हे फूल साहेबाचं नाहीच! त्याचं माहेर चीन की तुर्कस्तान, यावर पंडितांचं एकमत नाही. पण इंग्लंड नव्हे, यावर सगळ्यांचं एकमत आहे. आपण विलायती चिंच म्हणतो ती तरी कुठे विलायतेची? ती मेक्सिकोकडची. तसंच हे. साहेबाच्या भाषेतल्या नावात 'हॉक' म्हणजे याच कुळातलं एक रोपटं आणि 'हॉली' म्हणजे पवित्र. क्रुसेडला गेलेल्यांनी ते पवित्र भूमीतून आणलं, अशी तिकडे एक आख्यायिका आहे. आणि आपल्याकडे युनानी हकीम खोकल्याच्या काढ्यात जी खतमी आणि गुलखैरा घालतात, त्यातला गुलखैरा म्हणजे हेच. ज्याला अण्णा साहेब म्हणून सलाम करत होते, तो औषधवाल्याच्या खणात पुडी बांधून बसला होता.

आमची आई या वादात पडली नाही. ते होळीला फुलतं म्हणून ती त्याला 'होळीहाक' म्हणते. शिमग्याला मारायची ती हाक, असा तिचा अर्थ. मला ही व्युत्पत्ती क्रुसेडपेक्षा पटते.

त्याला रोगही परदेशीच होतो. पानामागे नारिंगी पुटकुळ्या येतात, तो तांबेरा. हा मूळचा चिलीचा. 1873 साली तो इंग्लंडात पोचला आणि तिथल्या हॉलीहॉकच्या बागा त्यानं आडव्या केल्या. मुलुंडला तो कधी पोचला याची नोंद नाही, पण आमच्याकडे तो दरवर्षी न बोलावता येतो. अण्णा चष्मा लावून एकेक पान खुडतात आणि मालाच्या पावत्या तपासाव्यात तशी उलटी करून पाहतात.

यंदा मात्र तांबेऱ्याच्या आधी बिल्डर आला.

1957 साली मुलुंड मुंबई महापालिकेत गेलं, तेव्हापासून आम्ही मुंबईकर. आणि मुंबईकराच्या नशिबी जमीन कुठली? मध्यंतरी बिल्डर नकाशात खिडकीबाहेर 'फ्लॉवर बेड' दाखवत. तो एफएसआयमध्ये धरला जात नसे, म्हणून दाखवायचा. ताबा मिळाला की भिंत पाडून तो खोलीत घ्यायचा. फ्लॉवर जाई आणि बेड राही. जानेवारी 2012 मध्ये नियम बदलले, फ्लॉवर बेडही एफएसआयमध्ये मोजायचं ठरलं, आणि नकाशातली ती फुलंसुद्धा वाळली.

आमच्या सोसायटीत सगळ्यांच्या सह्या झाल्या. राहिली अण्णांची. सेक्रेटरी माझ्याकडे आले, कारण मी बँकेतला, मला कागद कळतात. मी अण्णांना कलमं वाचून दाखवली. बारावा मजला, दोन लिफ्ट, वर कॉर्पस. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बी पिकल्याशिवाय सही नाही."

बिल्डरचा माणूस म्हणाला, "काका, बी आम्ही देऊ की. किलोभर!" अण्णा त्याच्याशी पुढे बोललेच नाहीत.

एप्रिलपर्यंत सोसायटीतले लोक जिन्यात मला टाळत होते. बोंडं एकदाची वाळली. हॉलीहॉकचं बोंड उघडलं की आत चपट्या बिया कडेनं वर्तुळात, एकीला एक लावून रचलेल्या असतात. नाण्यांचा रूळ जणू गोल वाकवलाय. मी सवयीनं मोजल्या. एकात चौतीस, दुसऱ्यात एकतीस. अण्णा म्हणाले, "पुन्हा मोज." मी पुन्हा मोजल्या. मग त्यांनी त्या रेल्वेच्या जुन्या लिफाफ्यात भरल्या, आणि आर्किटेक्टला फोन लावून गॅलरीचं छत किती उंच ते विचारलं. साडेनऊ फूट. तो आकडा लिफाफ्यावर लिहिला आणि मग सही केली.

संध्याकाळी काकू खाली आल्या. त्यांचा मजला नववा. जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, मला पण देता का थोडं बी? त्या... भेंडीचं?"

अण्णांनी दहा बिया मोजून पुडीत बांधल्या. पेन काढलं, क्षणभर थांबले, आणि पुडीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'भेंडी'.