घरातला तारमास्तर

दिवाळीच्या आधी घरोघर झाडलोट होते. जाळी-जळमटे निघतात, पितळेचे डबे चिंचेने उजळतात, देव्हाऱ्यापासून माळ्यावरच्या पाटा-चौरंगांपर्यंत सगळ्यांवरून फडके फिरते. परंतु हल्ली बहुतेक घरांत एक वस्तू अशी असते की तिच्यापाशी आल्यावर फडके धरलेला हात थबकतो. टीव्हीच्या वरच्या फळीवर दोन-चार शिंगे उभारून बसलेला तो काळा किंवा पांढरा डबा! त्याचे हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि आतून कोणीतरी ओरडते, “त्याला हात लावू नका गं, नेट जाईल!”

ह्या डब्याला राउटर म्हणतात. त्याची एवढी धास्ती वाटण्याचे कारण एकच: हा पाहुणा कोणत्या कुळातून आला, हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही. आपल्याकडे कुळी कळली की माणूस परका राहत नाही. यंत्राचेही तसेच आहे. तेव्हा ह्या फराळाच्या दिवसांत आपण त्याची कुळी उलगडून पाहू. ती दूर कोठे विलायतेतच शोधावी लागेल असेही नाही. तिचा बराचसा भाग आपल्या वर्धा जिल्ह्यातच सापडतो.

वर्धा जिल्हा तसा तरुण. १८६२ साली नागपुरातून तो वेगळा काढण्यात आला. जिल्ह्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्यापाशी वर्धा शहर आखले गेले. पाठोपाठ १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ वर्ध्यावरून नागपूरला पोहोचले. रुळांच्या कडेने खांब चालत होते आणि खांबांवर तार होती.

ती तार काही आपली खुशाली विचारायला आली नव्हती. एका स्टेशनावरून गाडी सुटल्याचे पुढच्या स्टेशनाला कळवावे लागे, हे तिचे पहिले काम. दुसरे काम कापसाचे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी माजली, इंग्लंडातल्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि आपल्याकडच्या पऱ्हाटीला एकाएकी मोल आले. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर सातासमुद्रापार गेले. १८७० साली मुंबई समुद्राखालच्या तारेने थेट इंग्लंडशी जोडली गेली. आगबोटीने येणारा लिव्हरपूलचा भाव आता तारेने येऊ लागला. ज्याच्या हाती तार, त्याच्या हाती भाव! कास्तकार मात्र त्याच तारेच्या खांबांखालून आपली बंडी हाकीत बाजाराला जाई आणि मिळेल तो भाव घेऊन परत येई.

तार होती, पण तिचे टोक दुसऱ्याच्या टेबलावर होते. ह्या इतिहासातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच.

त्या टेबलामागे बसे तो तारमास्तर. त्याची कर्तव्ये मुख्यतः तीन. आलेला निरोप बिनचूक घेऊन पुढे धाडणे, हे पहिले. पत्ता नीट वाचून ज्याचा त्याला पोहोचविणे, हे दुसरे. आणि तिसरे, सर्वांत अवघड: जे वाचले ते पोटात ठेवणे. गावात कोणाकडे मयत झाले, कोणाचे लग्न मोडले, कोणत्या शेठजीचा सौदा फसला, हे त्याला घरच्या माणसांच्या आधी कळे. सरकारनेही हे ओळखले होते. १८८५ च्या तार कायद्यात, निरोप दडविणाऱ्या, बदलणाऱ्या किंवा बेकायदा फोडणाऱ्या तार-कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. ह्याच कायद्याने सरकारला मात्र प्रसंगी निरोप अडविण्याची मुभा ठेवली होती, हेही सांगितले पाहिजे!

पत्त्याचे महत्त्व तर आपल्या जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास गेले. देशभरातून टपाल येऊ लागले. पण बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे, रेल्वेचे मोठे स्टेशन, गजानन महाराजांचे स्थान. सेगावची पत्रे शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० साली गावाचेच नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले. आज जगप्रसिद्ध असलेले हे नाव टपालाच्या घोटाळ्यातून जन्मले आहे. दोन ठिकाणांचे पत्ते सारखे असले की निरोप भलतीकडे जातो, हा धडा यंत्रांना नंतर शिकावा लागला. आपण तो आधीच शिकलो होतो.

त्याच सेवाग्रामात आश्रम पाहावयास गेलेल्यांना बापूंच्या दप्तरात एक जुना टेलिफोन दाखवितात. लॉर्ड लिनलिथगो व्हाइसरॉय असताना, त्यांना गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून तो बसविलेला. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, आणि तिथे दिल्लीशी बोलणारे यंत्र! खेड्याच्या दारात टेलिफोन आला, पण तोही राजसत्तेच्या सोयीने.

पुढे टेलिफोन थोडा थोडा पसरला. एक्स्चेंजमधील बाईंना वा भाऊंना नंबर सांगायचा, ट्रंक कॉल लावायचा आणि तासन् तास वाट पाहावयाची. जोडून देणाऱ्याने मध्येच कान दिला तर? ह्या शंकेने म्हणे अमेरिकेत एक माणूस बेचैन झाला. आल्मन स्ट्राउजर त्याचे नाव, धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा. एक्स्चेंजमधली बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याला जोडून देते असा त्याला संशय आला, असे सांगतात. त्याने माणसावाचून चालणारे एक्स्चेंज शोधून काढले आणि १८९१ साली त्याचे पेटंट घेतले. मधल्या माणसावर विश्वास किती ठेवावा, ह्या प्रश्नातून यंत्र जन्मले ते असे. आपल्याकडे १९६० साली कानपूर-लखनौ ह्या दोन शहरांत माणसाच्या मध्यस्थीशिवाय दूरचा फोन थेट लागू लागला. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली. धूळ आणि ऊन सोसणारे, वातानुकूलनावाचून चालणारे खेड्याचे एक्स्चेंज तिने बनविले. मग नाक्यानाक्यावर एस.टी.डी.ची पिवळी पाटी लागली. रात्री दर उतरल्यावर तिथे रांग लागे आणि काचेच्या खोलीत उभे राहून माणसे मोठमोठ्याने घरगुती गुपिते सांगत!

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने महानगरांत सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले. २००४ च्या सरकारी धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटले. २०२३ साली हीच किमान मर्यादा २ मेगाबिटवर आली. २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत काचेचा धागा नेण्याची योजना मंजूर झाली, तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. दरम्यान जुलै २०१३ मध्ये सरकारी तारसेवा बंद झाली. तारमास्तराची खुर्ची उठली, आणि त्याचे काम आपल्या फळीवर येऊन बसले.

होय, हा डबा म्हणजे तारघर आहे. बाहेरचा निरोप घेतो, पत्ता वाचतो, घरातल्या ज्या त्या यंत्राला देतो. दीडशे वर्षांत प्रथमच तारेचे टोक आपल्या मालकीच्या टेबलावर आले आहे. प्रश्न एवढाच, की खुर्चीवर कोण बसले आहे? डबा बसवायला आलेला मुलगा पाच मिनिटांत काहीतरी दाबून निघून जातो, आणि खुर्ची रिकामी राहते.

त्या खुर्चीवर बसणे अवघड नाही. मोबाइल घरच्या वायफायला जोडावा आणि ज्यात आपण संकेतस्थळे उघडतो तिथे डब्याच्या पाठीवर छापलेला पत्ता लिहावा. पुष्कळदा तो १९२.१६८.१.१ असा असतो. शेजारच्या घरीही हाच पत्ता कसा, असे आपणा सेवाग्रामकरांना वाटेलच! त्याचे उत्तर जुन्या वाड्यात आहे. जगात अशा पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. हे संकट आधीच ओळखून १९९६ साली काही पत्ते केवळ घरगुती वापरासाठी कायमचे राखून ठेवण्यात आले. टपालवाला वाड्याच्या दारापर्यंत येतो. माजघर कोणते आणि माडी कोणती हे दारावरचा दिवाणजी जाणतो. माजघर प्रत्येक वाड्यात असते, म्हणून कोणाचे पत्र चुकत नाही.

आत गेल्यावर नाव आणि किल्ली विचारली जाते. इथे तीन निरनिराळ्या किल्ल्या आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पहिली सेवा देणाऱ्या कंपनीची: तिच्या खात्याचे नाव आणि परवलीचा शब्द. तो बदलू नये, परंतु विचारून लिहून ठेवावा. डब्याच्या मागे सुईएवढे छिद्र असते. ते टोचून धरले की सगळी मांडणी पुसली जाते आणि मग हाच शब्द हवा असतो.

दुसरी किल्ली तारमास्तराच्या खोलीची, म्हणजे डब्याची मांडणी बदलण्याची. पुष्कळ डबे कारखान्यातून एकच ठरावीक किल्ली घेऊन येतात. साऱ्या गावाला एकाच किल्लीची कुलपे विकावीत, तसे हे! २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका दुष्ट आज्ञावलीने असे साठेक कारखानी शब्द पाठ करून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ह्या फौजेच्या हल्ल्याने अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्यांच्या घरचे डबे लढाईवर गेले, त्यांना ह्याचा पत्ताही नव्हता. ही किल्ली पहिल्याच दिवशी बदलावी.

तिसरी किल्ली वायफायची, जी पाहुणे दारात चपला काढता काढता विचारतात. तिचे मोल महाराष्ट्राने फार कडू रीतीने जाणले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याची धमकी देणारे पत्र इंटरनेटवरून आले होते. पोलिसांनी पत्ता काढला तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घराचा निघाला. त्या घरचे वायफाय बिनकुलपाचे होते. कोणीतरी ते वापरून निरोप धाडला होता. पोलीस मात्र त्या रहिवाशाच्या दारी उभे राहिले. जगाला दिसतो तो वाड्याचा पत्ता. आतला वा ओसरीवरचा माणूस दिसत नाही. पुढच्या वर्षी दूरसंचार खात्याने वायफायला कुलूप हवे, अशा सूचना काढल्या. म्हणून ही किल्ली लांब असावी, तिच्यात घरच्यांची नावे किंवा जन्मतारखा नसाव्यात, आणि कुलपाच्या प्रकारात ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा २०१८ साली आलेला ‘डब्ल्यूपीए-३’ निवडावा. वायफायचे नाव ठेवताना आडनाव आणि घरक्रमांकही टाळावा. पाहुण्यांसाठी बहुतेक डब्यांत वेगळी वाट ठेवता येते. तिला ‘गेस्ट’ म्हणतात. ओसरी पाहुण्यांची, माजघर घरच्यांचे, ही आपली जुनीच रीत आहे.

जागेचेही शास्त्र आहे. डबा लोखंडी कपाटात किंवा कोपऱ्यात कोंडू नये. घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. त्याच्या दोन लहरी असतात. २.४ नावाची लहर भिंतीतून लांब जाते पण संथ असते. ५ नावाची वेगवान, परंतु जाड भिंतीपाशी दमते.

आणि एक फरक जुन्या माणसांनी ध्यानात घ्यावा. पूर्वीच्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधील बॅटरीतून तांब्याच्या तारेनेच मिळे. म्हणून गावात अंधार असला तरी फोन चाले. काचेच्या धाग्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरची वीज गेली की डबा मुका. वीज नेहमी जाते तिथे त्याच्यासाठी लहानशी बॅटरी घ्यावी. ‘एल-ओ-एस’ ह्या अक्षरांपाशी तांबडा दिवा लागला, तर बाहेरून येणारा प्रकाश खुंटला असे समजावे. बहुधा धागा तुटलेला वा मुडपलेला असतो. तिथे आपली मात्रा चालत नाही, लाइनमनला बोलवावे.

दिवाळीला पुण्या-बंगळुरूची मुले घरी येतात, चार दिवसांत सारे सुरळीत करून जातात, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत काहीतरी बिघडते. मग नातवाचे तोंड दिसणे बंद होते आणि मायबाप मुलाच्या पुढच्या सुट्टीची वाट पाहत बसतात. म्हणजे तारेचे टोक घरात येऊनही टेबल दुसऱ्याचेच राहिले! ते राहू नये, म्हणून मुलांनी यंदा एवढेच करावे. डबा स्वतः न हाताळता आईच्या हाती मोबाइल द्यावा आणि शेजारी बसून तिच्याकडून सगळे करवून घ्यावे. वाड्यातल्या किल्ल्या पूर्वीही तिच्याच कमरेला असत.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात. घरानेही एक लहान वही करावी. तीत तिन्ही किल्ल्या, लाइनमनचा नंबर आणि डबा बसविल्याची तारीख सुवाच्य अक्षरात लिहावी, आणि ती वही देव्हाऱ्याच्या खणात ठेवावी. कोठे ठेवली ते मात्र फक्त घरच्यांना सांगावे. पोटात ठेवणे, हे तारमास्तराचे तिसरे कर्तव्य अजून तसेच आहे.