स्वादुपिंडदाह, ट्रायग्लिसराइडजन्य : प्लाझ्मा बदलण्याचा उपचार

रक्तातील ट्रायग्लिसराइड या मेदाचे प्रमाण अतोनात वाढल्याने स्वादुपिंडाला अचानक येणारी सूज. पित्ताचे खडे आणि दारू यांच्यानंतर तीव्र स्वादुपिंडदाहाचे हे तिसरे मोठे कारण मानतात. दर डेसिलिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंतचा आकडा सामान्य. तो १००० च्या वर गेला की धोका ठळक होतो. नुसत्या तर्रीदार शेवभाजीने आकडा सहसा इतका चढत नाही. मागे आटोक्यात नसलेला मधुमेह, दारू, आनुवंशिक दोष, गरोदरपण किंवा एखादे औषध असते. अशा रुग्णाच्या रक्ताची नळी फिरवल्यावर वरचे सीरम पिवळसर, नितळ न दिसता दुधासारखे पांढरे दिसते. या दुधाळपणामुळे अमायलेज हे स्वादुपिंडाचे विकर खोटेच सामान्य आणि सोडियम खोटेच कमी येऊ शकते. म्हणून पोटातून पाठीत जाणारी कळ, उलट्या आणि असे सीरम एकत्र आले, तर नमुना खराब समजून टाकून देणे ही गंभीर चूक ठरते.

प्लाझ्मा बदलताना मानेतील किंवा जांघेतील मोठ्या शिरेत नळी घालून रक्त यंत्रात नेतात, मेदाने भरलेला प्लाझ्मा वेगळा काढतात आणि त्याच्या जागी अल्ब्युमिन किंवा गोठवून साठवलेला प्लाझ्मा देतात. या आजारातील त्याचा वापर १९७८ पासून नोंदलेला आहे. काही तासांच्या एका फेरीत आकडा निम्म्याहून खाली येतो, यात वाद नाही. वाद आहे तो आकडा उतरला म्हणजे रुग्ण सावरला का, याविषयी. मेद फुटून सुटणारी आम्ले स्वादुपिंडाला जाळतात, तेव्हा ती लवकर काढावीत, हा युक्तिवाद वजनदार आहे. पण रुग्ण दवाखान्यात पोचतो तोवर दाह पेटलेला असतो, आणि उपास व इन्सुलिन यांनीही आकडा एक-दोन दिवसांत बराच उतरतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील बहुकेंद्री अभ्यासात प्लाझ्मा बदलल्याने अवयव निकामी होण्याचे प्रमाण घटलेले दिसले नाही. जास्त आजारी रुग्णांनाच हा उपचार मिळतो, म्हणून तुलना विषम होते, हा आक्षेप रास्त आहे. तो धरला तरी फायदा सिद्ध होत नाही; निर्णय रुग्णागणिक घ्यावा, एवढेच निघते. अमेरिकेतील अफेरेसिस संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेनेही या उपचाराला तिसऱ्याच, म्हणजे निर्णय रुग्णागणिक घ्यावा अशा, वर्गात ठेवले आहे. शिवाय नळीतून जंतुसंसर्ग, रक्तस्राव, कॅल्शियम घसरणे हे धोके आहेतच.

खानदेशात हा प्रश्न रस्त्याशी जोडलेला आहे. प्लाझ्मा बदलण्यासाठी मोठ्या केंद्रात जायचे, तर धुळ्याहून नाशिक किंवा जळगावहून छत्रपती संभाजीनगर, दोन्ही वाटा सुमारे दीडशे किलोमीटरांच्या. चोपडा वा साक्रीच्या रुग्णाला आधी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. केवळ यंत्रासाठी पहिल्याच रात्री त्याला अँब्युलन्समध्ये घालणे म्हणजे सलाइन, वेदनाशामक, लघवीचे मोजमाप आणि साखर-पोटॅशियम तपासत चालवायचे इन्सुलिन यांचे मोलाचे तास वाटेत घालवणे. हे उपचार धुळ्याच्या वा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या पातळीवर होण्याजोगे आहेत. सलाइनही बेताने हवे; २०२२ च्या ‘वॉटरफॉल’ चाचणीत भरमसाट द्रव दिलेल्यांच्या शरीरात पाणी साठण्याचे प्रमाण अधिक होते. पुढे पाठवावे ते अवयव ढासळू लागलेल्याला, कॅल्शियम फार उतरलेल्याला, इन्सुलिन देऊनही आकडा न हललेल्याला; गरोदर स्त्रीबाबत मोठ्या केंद्राशी पहिल्याच दिवशी बोलावे. प्लाझ्मा बदलला तरी मूळ कारण तसेच राहते. साखर मोकाट राहिली किंवा दारू सुटली नाही, तर आकडा पुन्हा चढतो. म्हणून घरी जाताना आहार, फेनोफायब्रेटसारखे औषध आणि उपाशीपोटी करायच्या पुढच्या तपासणीची तारीख कार्डावर लिहिलेली असावी.