पावसाने घडवलेली कॉफी

जव्हार-मोखाड्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, पण परतीचा पाऊस सरला की पुढे उन्हाची हमी असते. शेणाने सारवलेल्या खळ्यावर नागली-वरई निवांत वाळते. उत्तर सुमात्रातल्या कॉफीवाल्याला ही हमी नाही. तिथे ऐन तोडणीत पाऊस असतो. इंडोनेशियाच्या काळ्या, दाट कॉफीचं मूळ या अडचणीत आहे.

रोप मात्र आपल्याच किनाऱ्यावरून गेलेलं. 1696 साली डचांनी मलबारातून रोपं बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला नेली. ती पुरात गेली. 1699 साली पुन्हा नेली, ती जावात रुजली. 1830 पासून डच सरकारने सक्तीची लागवड लादली, आणि जावाचा शेतकरी सरकारी गोदामासाठी कॉफी पिकवू लागला. पुढे 1870 च्या दशकात तांबेरा आला. सखल भागातली अरबिका बसली, तिची जागा हळूहळू रोबस्टाने घेतली. अरबिका टिकली ती उंच डोंगरांत: आचेमधलं गायो, टोबा तलावाचा परिसर. (जव्हारची साडेचारशे मीटरची उंची तिला कमीच पडेल.)

सुमात्राच्या त्या डोंगरांत रूढ झाली ती रीत म्हणजे गिलिंग बासा. लाल फळं घरीच, हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रात घालून गर काढतात. चिकट बिया रातभर आंबवून सकाळी धुतात, मिळेल तेवढं ऊन देतात आणि ओलसर असतानाच बाजारात व्यापाऱ्याला विकतात. पैसे लगेच हातात पडतात. महिनाभर माल राखायची ऐपत लहान शेतकऱ्याकडे कुठली?

इतर देशांत बी 11-12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळल्यावरच वरचं टरफल काढतात. इथे ते 30 टक्क्यांच्या आसपास ओलावा असतानाच निघतं. बी तेव्हा मऊ असते. यंत्रात दाबली जाऊन टोकाशी चिरते. अशा चिरलेल्या बीला तिथे शेळीचं नख म्हणतात. मग उघडी बी झपाट्याने सुकते आणि निळसर हिरवी दिसते. टरफलाविना वाळल्यामुळे आंबटपणा कमी होतो, दाटपणा वाढतो, ओल्या मातीचा, तंबाखूचा वास येतो.

बाहेरचे चाखणारे याला दोष म्हणत आले. मला ते पटत नाही. पावसात माल सडू न देता पैसा करून देणारी ही अक्कल आहे, आणि चव तिच्यातूनच आली. गडद भाजणीही अशाच बीला साजते. दुसऱ्यांदा तडतड सुरू झाली की तेल वर येतं, बी काळी होते. नाजूक फुलांच्या वासाची इथिओपियाची कॉफी एवढ्या आचेला आपला वास गमावून बसते. सुमात्राची बी मात्र मातीचा वास राखून असते. कोळशासारखी दिसली तरी पेल्यातून ती ओळखू येते.