कचरा वेचणाऱ्या बायांचा इतिहास आणि आपला हिशेब



गावातला सुका कचरा गोळा करून वेगळा करण्याचं काम आपल्या गटाने घ्यावं का, हे आम्हाला पुढच्या बैठकीत ठरवायचंय. होय म्हणण्याआधी आम्ही या कामाचा इतिहास थोडा शोधला. तोच आज सांगतो.

'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द हल्ली शहरांच्या योजनांत येतो. अर्थ सोपा आहे: वापरलेली वस्तू फेकायची नाही, पुन्हा कामाला लावायची. आपल्या किनाऱ्यावर माडाचं काय वाया जातं सांगा? सोडणाचा काथ्या, करवंटीची डवली, चुडतांची झापं, हिरांचा खराटा. मासे निवडले की उरलेलं माडाच्या आळ्यात. जुन्या लुगड्यांची गोधडी. हे बायांनीच केलं. पण ते घरकामात धरलं गेलं, त्याचा दाम कुणी मोजला नाही. मग प्लास्टिक आलं. ते काही आळ्यात जिरेना.

शहरात हेच काम कचरावेचक बाया करत होत्या. पुण्यातल्या अशा बहुतेक बाया दलित समाजातल्या. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेली कुटुंबंही त्यांत बरीच. उकिरड्यावरून कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारवाल्याला विकायचा. वर लोक चोर म्हणायचे. 1993 मध्ये डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने त्या एकत्र आल्या आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. त्यांनी ओळखपत्र मागितलं आणि महापालिकेची मान्यता मिळवली. आपल्या कामामुळे पालिकेचा किती खर्च वाचतो, याचा हिशेबही मांडला. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरोघरी कचरा घ्यायचा, घरटी शुल्क मिळवायचं आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे आपल्याकडेच ठेवायचे.

आपल्या जवळचं उदाहरण वेंगुर्ल्याचं. 2015 नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने घरातूनच कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली. पुढे केंद्रावर त्याचे वीसहून अधिक प्रकार केले जात. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होऊ लागला. जिथे नाक धरून जावं लागे, ती कचऱ्याची जागा बघायला बाहेरून माणसं येऊ लागली.

त्याच 2015 साली केंद्र सरकारने 100 शहरांसाठी स्मार्ट सिटी योजना आणली. पहिल्या यादीत पुणेही होतं. आता शहरांत कचरा निवडायला कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं येताहेत. पट्ट्यावरून कचरा सरकतो, वरून कॅमेरा बघतो. ही दुधाची पिशवी, ही पाण्याची बाटली, हे यंत्राला हजारो फोटो दाखवून शिकवलेलं असतं. त्या फोटोंना नावं मात्र आधी माणसांनीच दिलेली असतात. म्हणजे यंत्राची अक्कल माणसाकडूनच आली. 2025 मध्ये आपल्या जिल्ह्याच्या सरकारी कारभारातही ही बुद्धिमत्ता वापरायला सुरुवात झाली. उद्या ती कचऱ्याच्या शेडमध्येही येईल.

आम्ही यंत्राला नको म्हणत नाही. घाणीत हात घालणं कमी झालं तर बरंच आहे. पण मागच्या वर्षी काय झालं ते आठवतं. आम्ही दोन महिने प्लास्टिक साठवलं. भंगारवाल्याने सगळं एकत्र तोललं आणि सर्वांत कमी भाव लावला. आमच्याकडे ना वजनाची वही, ना वेगळे ढीग. बोलणार काय?

म्हणून बैठकीत आम्ही चार गोष्टी मागणार आहोत. करार लेखी हवा. वजनकाटा आणि वही गटाकडे हवी. हातमोजे आणि शेड मिळावी. विक्रीचा पैसा गटाच्या खात्यात यावा. उद्या यंत्र आलंच, तर ते चालवायचं शिक्षण आधी आपल्या बायांना मिळावं.

तुमच्या गटाने असं काम घेतलं असेल, तर वजन कसं लिहिता आणि भाव कसा ठरवता, ते आम्हाला जरूर कळवा. बैठकीत वाचून दाखवू.