चेहरा, हात आणि नमुन्याचं पुस्तक

मंडळी, पंचतारांकित एमआयडीसीत चित्रकलेचं व्याख्यान ठेवलंय म्हटल्यावर काहींना नवल वाटलं. आम्हाला नाही वाटलं. ‘ड्रॉइंग’ वाचल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशी इतकी माणसं एका छपराखाली आणखी कुठे मिळणार?

विषय साधा आहे. पुस्तकात बघून माणसाचा चेहरा आणि हात काढायला शिकता येतं का? कोल्हापूरच्या चित्रपरंपरेबद्दल बोलताना आपण दोनच गोष्टी सांगतो, उपजत देणगी आणि गुरूचा हात. तिसरी गोष्ट राहून जाते, ती म्हणजे समोर ठेवलेला नमुना.

एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसलेले इथे बरेच असतील. स्मरणचित्रात बाजार काढायचा, आणि त्यातल्या प्रत्येक माणसाचे हात एकतर खिशात, नाहीतर पाठीमागे! हात टाळायची ही युक्ती महाराष्ट्रभर चालते. या परीक्षांचं मूळ इंग्रजांच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीत आहे. 1857 साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, तिथेही पुढे हाच क्रम आला: आधी छापील नमुन्यावरून रेषा, मग प्लास्टरच्या पुतळ्यावरून छाया-प्रकाश, आणि जिवंत माणूस सगळ्यात शेवटी. म्हणजे बघून काढणं ही चोरी नव्हती, ती पहिली इयत्ता होती.

या शाळेतून आपल्याकडचे दोघे गेले. एक आबालाल रहिमान, जे पुढे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. (महाराज कागलच्या घाटग्यांचे, 1884 साली कोल्हापूरला दत्तक गेले, हे इथे सांगायला नको.) दुसरे महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म कोल्हापूरचा, 1867 चा. 1890 ला जे. जे.त विद्यार्थी म्हणून शिरले ते 1931 ला निवृत्त होऊनच बाहेर पडले. आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. धुरंधरांच्या चित्रांतले बायकांचे हात बघा. पदर सावरणारा, घागर धरणारा, पूजेचं तबक तोलणारा. ग्रीक पुतळ्याच्या प्लास्टरमध्ये हे हात नव्हते. प्लास्टरनं त्यांना बोटांची ठेवण आणि सांध्यांची जागा शिकवली. बाकीचं त्यांनी घराघरांत आणि रस्त्यावर वही घेऊन मिळवलं असणार, असं आम्हाला वाटतं.

त्याच शाळेत आणखी एक नमुना होता, पुस्तकापेक्षा मोठा. जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांना नेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. त्यातल्या कितीतरी लंडनला 1885 च्या आगीत जळाल्या. उरलेल्यांच्या आधारे 1896-97 मध्ये दोन मोठे ग्रंथ निघाले. अजिंठ्यात चेहरा जेवढं बोलतो तेवढाच हात बोलतो. आमच्या मते मुंबईच्या पोरांना हाताचे खरे धडे तिथे मिळाले.

आता शाळेत न गेलेल्यांचं काय? बाबूराव पेंटर, जन्म 1890, घरचं नाव मेस्त्री. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव तैलरंग आपापले शिकले, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, कॅमेऱ्याच्या मागे लागले. आनंदराव 1916 लाच गेले. बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि 1920 ला ‘सैरंध्री’ आणला. गुरू नसलेल्या माणसाला नमुना किती पुरतो, याचा दाखला परदेशातही आहे. पॅरिसच्या गुपिल कंपनीनं 1866 ते 1871 मध्ये शार्ल बार्ग यांचे 197 नमुने छापले. त्यात पुतळ्यांचे चेहरे, हात, पाय होते. शिक्षक न परवडणाऱ्या व्हॅन गॉगनं ते पुन्हा पुन्हा गिरवले.

आज आपली पोरं मोबाइलवर जी पुस्तकं बघतात ती अमेरिकेची. ब्रिजमन यांचं शंभर हातांचं पुस्तक 1920 चं, त्यांच्याकडे शिकलेले अँड्र्यू लूमिस यांचं डोकं आणि हातांचं पुस्तक 1956 चं. लूमिस यांचं बरीच वर्षं बाजारात मिळत नव्हतं, 2011 ला पुन्हा छापलं गेलं. लूमिस काय करतात? एक चेंडू घ्यायचा, दोन्ही बाजूंनी काप मारून सपाट करायचा, खाली जबडा जोडायचा. ब्रिजमन हाताचे ठोकळे आणि पाचरी करतात. फाउंड्रीतल्या पॅटर्नमेकरला हे पाच मिनिटांत कळेल, आर्टच्या विद्यार्थ्याला कदाचित महिना लागेल.

पण एक धोका आहे. लूमिसचे चेहरे जाहिरातीतले, सरळ नाकाचे, चौकोनी जबड्याचे. नुसतं गिरवत बसलं की कागलच्या आठवडी बाजारातला म्हातारासुद्धा शिकागोचा विमा एजंट दिसायला लागतो. चेंडू लूमिसचा घ्यावा, नाक समोरच्या माणसाचं.

आणि एक माप तर लूमिसच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे. शिल्पशास्त्रात ‘ताल’ म्हणजे बारा अंगुळं. चेहऱ्याची लांबी एक ताल, तळहाताची मधल्या बोटाच्या टोकापर्यंतही एक ताल. रोमचा व्हिट्रुव्हिअसही हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंतचं अंतर आणि हाताची लांबी सारखीच मोजतो. लहान मुलांचे हात चित्रात नेहमी चिमुकले निघतात, ते या मापाकडे लक्ष नसल्यानं.

करून बघा. मनगट हनुवटीला लावा, बोटं वर... हां, पोचली कपाळाच्या कडेला? मागच्या रांगेत टक्कल आहे त्यांनी अंदाज करावा. आता तोच डावा हात टेबलावर ठेवा, पेन्सिल उजव्या हातात घ्या. डावखुऱ्यांनी उलट. कागद पुढून मागे सरकवत आहोत.