मुंबई-लंडन : अंतर तेच, वेळ वेगळा

मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. आमच्या आजीच्या काळातही ते तेवढंच होतं. पृथ्वी काही आटली नाही. मग प्रवास कसा आटला?

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं, चार पंख्यांचं विमान. प्रवासी ३५, त्यांत खुद्द जेआरडी टाटा. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. या वळणाच्या वाटेने अंतर झालं सुमारे ८,००० किलोमीटर आणि वेळ लागला साधारण २४ तास. बोटीने दोन-तीन आठवडे घालवणाऱ्यांना ही जादूच वाटली असणार!

आता गंमत बघा. ते विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडायचं, म्हणजे हवेतले तास झाले सोळा. बाकीचा वेळ मुख्यतः उतरण्यात, इंधन भरण्यात आणि पुन्हा चढण्यात गेला. १९६० साली बोईंग ७०७ आलं, वेग जवळजवळ दुप्पट झाला, पण थांबे राहिलेच.

आणि थांबा म्हणजे नुसता वेळ नव्हे. ३ नोव्हेंबर १९५० ला हेच 'मलबार प्रिन्सेस' जिनिव्हाला उतरायच्या तयारीत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ ला 'कांचनजंगा' हे ७०७ त्याच पर्वतावर कोसळलं, तेही जिनिव्हाला उतरतानाच. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. आज थेट जाणाऱ्याला जिनिव्हात उतरावंच लागत नाही.

आमचे थोरले काका तेव्हा लंडनला शिकत होते. १९६८ साली आजी गेली. तार मिळाली, उसनवारी झाली, तिकीट मिळालं आणि काका पोचले ते तेराव्याला. तेव्हापासून आमच्या घरात लंडनचं अंतर किलोमीटरमध्ये कुणी मोजत नाही. 'वेळेत पोचता येईल का?' हेच आमचं माप. त्या मापाने विमानाच्या वेगाइतकीच तार, पैसा आणि तिकीटही मोजावी लागतात.

आता मुंबईहून थेट विमान साधारण नऊ-दहा तासांत लंडनला पोचतं. जाताना पश्चिमेचे वारे तोंडावर येतात म्हणून थोडा वेळ जास्त, येताना तेच वारे पाठीशी असतात म्हणून कमी. पण आकाशालाही कुंपणं असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या कितीतरी विमानांना वळसा पडला. इंजिन तेच, वेग तोच, तरी वेळ वाढला.

म्हणून मंडळी, मुलं परदेशी निघाली की अंतर विचारू नका. ते बदलत नाही. थेट विमान आहे का आणि आयत्या वेळी तिकिटापुरते पैसे हाताशी असतील का, एवढं मात्र नक्की विचारा.